गव्याचं वळण

पोर्चमधल्या फरशीवर जुनी चादर अंथरली होती आणि तिच्यावर नऊ वस्तू होत्या. दहा नंबरचा पाना, दांडीला चिकटपट्टी गुंडाळलेला. तारेचा ब्रश. खायचा सोडा कालवलेल्या पाण्याची वाटी. रबरी हातमोज्यांचा एक जोड. मल्टीमीटर. स्कूटरला असते तेवढी, बारा व्होल्टची एक छोटी बॅटरी. तिला जोडायची वायर, तिच्या टोकांना एक लाल आणि एक काळा चिमटा. सुती साडीचा चौघडी तुकडा. आणि नवी बॅटरी, अजून खोक्यातच.

मुक्ता शिंत्रेने त्या पुन्हा एकदा मोजल्या. पुण्यातल्या ज्या प्रयोगशाळेत ती नोकरी करायची तिथली ही सवय. काम सुरू करण्याआधी मोजायचं, संपल्यावर मोजायचं, म्हणजे यंत्राच्या पोटात पाना राहत नाही.

आईने दहावी वस्तू आणून ठेवली. हळदकुंकवाची कोयरी.

"ही कशाला आता?"

"नवी वस्तू घरात आली की आधी टिळा. तुमच्या पुण्यात नसेल."

"आधी बसू तर दे तिला. कुंकू लावलेली बॅटरी दुकानदार परत घेत नाही."

"परत द्यायला आणलीय का?" आई म्हणाली, आणि पदर खोचून चादरीशेजारी पाटावर बसली.

गाडी बाबांची. डॉ. रमाकांत शिंत्रे म्हणजे मलकापूर आणि घाटाखालच्या साखरपा भागातले गुरांचे डॉक्टर. फेब्रुवारीत साखरप्याजवळच्या एका गोठ्यात त्यांनी अडलेल्या म्हशीचं रेडकू सुखरूप सोडवलं, हात धुवायला बादलीपाशी बसले, ते उठलेच नाहीत. तेव्हापासून गाडी आईकडे होती. आईने लायसन्स वीस वर्षांपूर्वी काढून कपाटात ठेवलं होतं. गाडी ती चालवायला लागली मार्चमध्ये, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, आणि तेही अंगवळणाच्या जोरावर.

अंगवळण हे नाव कंपनीनेच दिलेलं. या गाड्यांत ब्रेकचं पेडल आणि ब्रेक यांच्यामध्ये सळई किंवा तेलाची नळी नसते, नुसती विजेची तार असते. पाय फक्त किती दाबायचं ते सांगतो. त्या पेडलमागे एक छोटी मोटर बसवली आणि तिला एक शिकणारी चिप जोडली. चालवणारा कुठे वेग कमी करतो, कुठल्या वळणाच्या किती आधी पाय उचलतो, खड्डा दिसल्यावर दचकतो की खड्ड्यात गेल्यावर, हे चिप महिनोन्‌महिने शिकत राहते. मग योग्य जागी पेडल आपणहून किंचित खाली जातं, किंवा पायाला किंचित वर लोटतं. दमलेल्या माणसाला आधार, एवढाच हेतू.

ही शिकवण आकड्यांत लिहून ठेवलेली नसते. चिपमध्ये लाखो सूक्ष्म घरं असतात. प्रत्येक घर विजेला कमी-जास्त अडवतं, आणि त्या अडवण्यातच आठवण असते. प्रत्येक घर म्हणजे बुडाला बारीक भोक असलेली घागर समजा. वरून थेंब थेंब पडत राहिला तर पातळी टिकते, थेंब थांबला की घागर रिकामी. तो थेंब येतो बारा व्होल्टच्या लहान बॅटरीतून. गाडी ओढणारी मोठी बॅटरी सीटखाली असते, पण गाडी उभी असताना ती तोडलेली असते. जागं राहायचं काम लहानीकडे. अर्धा सेकंद वीज गेली तरी सगळ्या घागरी रित्या होतात आणि चिप पहिल्या दिवसासारखी कोरी होते.

हे मुद्दाम तसं केलेलं होतं. माणसाचं वळण त्याच्या अंगठ्याच्या ठशासारखं त्याचं एकट्याचं, त्याची नक्कल निघू नये, ते विकलं जाऊ नये, मालक बदलला की ते नाहीसं व्हावं, असा कायदा चार वर्षांपूर्वी झाला होता. म्हणून नक्कल काढायची सोयच ठेवलेली नव्हती. आणि म्हणूनच आईने गाडी अजून स्वतःच्या नावावर केली नव्हती.

मार्चमध्ये ती पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसली तेव्हा ब्रेक कधी दाबायचा ते तिला ठाऊक नव्हतं. पेडलला ठाऊक होतं.

"पायाखाली पाय असतो गं," तिने तेव्हा फोनवर सांगितलं होतं.

"आई, ती मोटर आहे."

"असू दे की. मोटरला शिकवलं कुणी?"

*

मागच्या आठवड्यात गाडी सकाळी उठायला वेळ लावायला लागली. दिवे मंद, दार दोनदा सांगितल्यावर उघडायचं. मुक्ताने फोनवरून आईला मीटर कुठे टेकवायचा ते सांगितलं. आईने आकडा वाचला, अकरा पूर्णांक सात. उभ्या गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीने बारा पूर्णांक सहाच्या आसपास असावं. ही आता कुठल्याही सकाळी मान टाकणार होती, आणि तिच्याबरोबर घागरीही.

सर्व्हिस सेंटरने हात झटकले. बॅटरी बदलायची तर गाडी पूर्ण मृत करायची, त्यांचा नियमच तसा. "आणि मॅडम," तिथला माणूस म्हणाला, "ते एकदा मोकळं झालेलं बरं असतं. नव्याने शिकते गाडी." आईने फोन ठेवला आणि लगेच मुक्ताला लावला. ती रडत नव्हती. ती म्हणाली, "तू ये. तू करशील तर होईल. नाहीतर मी गाडी बंदच करत नाही, राहू दे दिवस-रात्र चालू."

शनिवारी दुपारी यासीन मुल्लाणी नवी बॅटरी खांद्यावरून घेऊन आले. एसटी स्टँडमागे त्यांचं बॅटरीचं दुकान. त्यांच्या शेळ्या बाबांच्याच हातच्या.

"वहिनी, मी बसवून देतो की. पाच मिनिटांचं काम."

"मुक्ता बसवणार आहे."

"ही?" यासीनचाचांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ही पाचवीत असताना सायकलची चेन पडली की रडत माझ्याकडं यायची."

"आता तुमची पडली तर माझ्याकडे या चाचा. रडत या पण."

ते मनापासून हसले. मग आई चहा टाकायला आत गेल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. "बाळ, एक सांगू? जाऊ दे ते आता. डॉक्टरांसारखा माणूस गाडीत कोण ठेवतं? त्यांना बी त्रास, वहिनींना बी."

"तो प्रश्न विजेचा नाही, चाचा."

"म्हणून तर तुला सांगतोय," ते म्हणाले आणि आधारासाठी लागणारी छोटी बॅटरी पिशवीतून काढून खाली ठेवली.

*

त्याच संध्याकाळी, अजून उजेड होता तेव्हा, आईने तिला घाटात नेलं. दर शनिवारी ती आंबा घाट उतरून साखरप्याला जायची. काम काहीच नसायचं. स्टँडसमोर चहा प्यायची आणि परत यायची.

भाद्रपद संपत आला होता. घाटात धुकं होतं, पण पातळ, ताकातल्या निवळीसारखं. आईने चपला काढून सीटखाली सारल्या. बाबाही अनवाणीच चालवायचे. मुक्ता तिच्या पायाकडे बघत बसली. पाय पेडलवर नुसता टेकलेला दिसत होता. वळण जवळ आलं की पेडल खाली जायचं, त्याच्याबरोबर पाऊल खाली जायचं, आणि वळण संपलं की दोन्ही वर यायची. पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तूसारखं ते दिसत होतं. बाबा खरोखर असेच चालवायचे. वळणाच्या आधी, वळणात नाही. "वळणात ब्रेक मारणारा माणूस आणि जेवताना पाणी पिणारा माणूस दोघांना उचकी लागते," ते म्हणायचे.

गव्याच्या वळणाला ना देऊळ होतं ना पाटी. दहा वर्षांपूर्वी तिथे धुक्यातून बाबांच्या गाडीपुढे गवा आला होता. मादी, सोबत वासरू. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि बाबांनी गाडी बंद करून तिला जाऊ दिलं. त्यानंतर त्या वळणावर ते दरवेळी वेग ताशी अठरावर आणायचे, काच खाली करायचे आणि हलकेच दोनदा हॉर्न वाजवायचे. तिच्या घरातून जातोय, सांगून जायला नको का? पुन्हा ती कधीच दिसली नाही. "अठराच का, बाबा?" तेव्हा शाळेत असलेल्या मुक्ताने विचारलं होतं. "अठराला केव्हाही थांबता येतं," ते म्हणाले होते, "आणि आपण थांबलो, घाबरलो, असं तिला वाटत नाही."

वळण आलं. पेडल खाली गेलं, नेहमीपेक्षा सावकाश, आणि तसंच राहिलं. काट्याने अठरा दाखवले. आईने काच खाली केली. थंड, ओल्या पाल्याचा वास आत आला. तिने हॉर्न दोनदा वाजवला.

"तेवढा मात्र मी वाजवते," आई म्हणाली. "पाय त्यांचा, हात माझा. बघ, मी काही करत नाही. माझा पाय नुसता ठेवलेला आहे."

मुक्ताच्या पाठीवर काटा आला. त्यामागचं कारण तिला माहीत होतं, तरीही आला. तिच्या पिशवीत स्कॅनर होता, हाताएवढा. त्याची तार स्टिअरिंगखालच्या खाचेत बसवली की ब्रेकच्या दाबातला किती वाटा पायाचा आणि किती अंगवळणाचा ते टक्क्यांत दिसतं. प्रयोगशाळेत ती दिवसभर हेच मोजायची. तिने पिशवीची चेन उघडली. मग धुक्यात, काच खाली असलेल्या गाडीत, आईच्या चेहऱ्याकडे पाहून पुन्हा लावली.

*

आणि आता रविवार सकाळ, पोर्च, चादर.

"घड्याळ काढ," मुक्ता म्हणाली.

आईच्या मनगटावर बाबांचं घड्याळ होतं, स्टीलच्या पट्ट्याचं. तिने हात मागे घेतला.

"पट्टा चुकून दोन्ही टोकांना लागला तर तापून लाल होईल. हातासकट. काढ, आई."

आईने ते काढून पदरात बांधलं.

किल्ली मुक्ताने स्वयंपाकघरात डब्यात ठेवली होती, गाडीला तिचा वास लागू नये म्हणून. किल्ली जवळ असली की गाडी जागी होते, आणि जाग्या गाडीत पंखे, पंप, पडदे सगळे वीज मागत असतात. अशा वेळी तार सोडली की विजेचा झटका उलटा फिरतो आणि नाजूक भाग जाळतो. काचा खाली, दारं उघडी, बॉनेट उघडं, आणि मग वाट बघायची. गाडीतली एकेक यंत्रणा झोपत जाते. शेवटी एवढीशी धार उरते, घागरींपुरती.

धार तेवढीच उरल्याचं मीटरने दाखवलं. मुक्ताने हातमोजे चढवले.

काम सोपं होतं. आधाराच्या छोट्या बॅटरीचं एक टोक गाडीच्या सांगाड्याला लावायचं, दुसरं गाडीच्या धन टर्मिनलला, म्हणजे बॅटरीच्या खुंटीला पकडणाऱ्या धातूच्या कड्याला. मग जुनी बॅटरी सोडली तरी वीज छोटीकडून येत राहते. फक्त धन कडं तेवढा वेळ जिवंत असतं. ते कुठे टेकू नये म्हणून कापडात गुंडाळून कुणीतरी हातात धरायचं. ते काम आईचं.

जुन्या बॅटरीभोवती पांढरट हिरवा फेस साठून वाळला होता. मुक्ताने सोड्याचं पाणी सोडलं. फसफस झाली. ब्रश घेऊन ती कड्याच्या वरच्या सपाट भागाकडे वळली, आणि आईने तिचं मनगट धरलं.

"तेवढा पुसू नकोस."

कड्यावर कुंकवाचा टिळा होता. गेल्या खंडेनवमीचा. बाबा दरवर्षी गाडीची पूजा बॉनेट उघडून करायचे. बाहेरून हार घालून काय उपयोग, म्हणायचे, जीव आत असतो. कुंकू तेलात कालवायचे म्हणजे ओघळत नाही. वर्षभराच्या उष्णतेने ते तेल वार्निशासारखं सुकलं होतं आणि त्यात त्यांच्या अंगठ्याच्या रेघा स्पष्ट उमटल्या होत्या. टिळ्याची खालची कड पिवळी पडली होती. घरचं कुंकू म्हणजे हळद आणि चुना. चुन्याने हळद लाल होते, आम्ल लागलं की पुन्हा हळद होते. मरत चाललेल्या बॅटरीच्या तोंडातून आम्लाची वाफ येत होती. ती मीटरच्या आधी टिळ्याने ओळखली होती.

"आई, चिमटा धरायला हीच एक जागा सपाट आहे. बाकी सगळा फेस."

"मग धर की. पुसल्याशिवाय धर. नुसता धर."

एरवी मुक्ता चिमटा लावला की दोनदा घासून फिरवते, म्हणजे त्याचे दात धातूत रुततात. हात आपोआप तसा वळला आणि थांबला. रेघा मोडून गेल्या असत्या. तिने चिमटा हलक्या हाताने टिळ्यावर ठेवला आणि सोडला. तो धरून राहिला. मीटरची दोन टोकं तिने आधाराच्या बॅटरीवरच अडकवली, तिथून ती निसटणार नव्हती. बारा पूर्णांक सहा. स्थिर.

"धर, आई. घट्ट. सोडायचं नाही."

"सोडत नाही."

नियम असा की आधी ऋण टोक सोडायचं. म्हणजे पाना चुकून सांगाड्याला लागला तरी काही होत नाही. मुक्ताने नट सैल केला आणि काळी तार उचलली.

डॅशबोर्डखालून आवाज आला. टक. एकच, लहान, जिभेने केल्यासारखा.

तिने मीटरकडे पाहिलं. बारा पूर्णांक सहा. मग पुढचं केलं. धन कडं सोडवलं, आईने ते साडीच्या तुकड्यात दोन्ही हातांनी धरलं, पाखरू धरावं तसं. जुनी बॅटरी बाहेर, नवी आत. आधी धन. नट घट्ट. मग ऋण. तार खुंटीजवळ नेली आणि टेकवताना निळी ठिणगी उडाली. मोठी. चट्ट आवाज करून.

मुक्ताचे हात तिथेच थबकले.

दोन्हीकडे वीज सारखी असेल तर ठिणगी उडत नाही, उडालीच तर डोळ्याला जेमतेम दिसते. एवढी ठिणगी तेव्हा उडते जेव्हा पलीकडे काहीही नसतं. तहानलेलं काहीतरी एकदम पाणी ओढतं, तेव्हा.

"झालं ना नीट?" आईने विचारलं. तिच्या कपाळावर घाम होता. हात अजून तसेच होते, कापड धरलेले.

"झालं," मुक्ता म्हणाली.

आई हात धुवायला आत गेल्यावर तिने चिमटा काढला. टिळ्यावर त्याच्या दातांची रांग उमटली होती. वरच्यावर, तेलाच्या थरात. धातूपर्यंत एकही दात गेला नव्हता. चिमट्याच्या दोन जबड्यांपैकी एकाच जबड्याला तार असते. तो टिळ्यावर होता. दुसरा खालच्या प्लास्टिकवर. तिने मीटरचं एक टोक त्या दातांच्या खुणेत टेकवलं आणि दुसरं कड्याच्या कडेला. काहीच नाही, मधे भिंत असल्यासारखं. मघाशी मीटर खरंच सांगत होता. फक्त तो भलत्या जागेचं खरं सांगत होता, आणि तो तिथे तिनेच लावला होता.

ती गाडीत जाऊन बसली. डॅशबोर्डवरचं घड्याळ बारा वाजून शून्य मिनिटांवर लुकलुकत होतं. तिने स्कॅनर लावला. अंगवळण: कोरं.

तिने फोनमध्ये बघून घड्याळ लावलं. मग तिला आठवलं, बाबांच्या गाडीतलं घड्याळ पाच मिनिटं पुढे असायचं. तिने ते पाच मिनिटं पुढे केलं. त्यांचं तेवढंच तिला परत ठेवता येत होतं.

बाहेर चादरीवर वस्तू मोजायच्या राहून गेल्या.

*

आईने नव्या बॅटरीवर टिळा लावला. मग जुन्या टिळ्याकडे वाकून पाहिलं. "हे दात कसले?"

"चिमट्याचे."

"हं." तिने मनगटावर घड्याळ चढवलं. "चल, जाऊन येऊ."

"आज? शनिवार नाहीये."

"बघायला नको? आहेत ना जागेवर?"

"मी चालवते," मुक्ता म्हणाली. तिला स्वतःचा आवाज वरचा वाटला. "नवी बॅटरी आहे, पहिल्यांदा मीच..."

"तू नको. तू चालवलीस तर तुझं शिकेल ते."

आईने सहा महिन्यांत पेडलच्या आधाराशिवाय एकदाही घाट उतरलेला नव्हता. ते मुक्ताला माहीत होतं, आणि आता ती आईच्या शेजारी बसून पट्टा लावत होती. तिने स्कॅनर लावलेलाच ठेवला. आईने विचारलं तर सांगायचं, चार्जिंग बघतेय. मलकापूर मागे पडलं. सपाटीच्या रस्त्यावर कुणालाही काही कळलं नसतं. आंबा गाव आलं, धुकं सुरू झालं, पुढे उतार.

"आई, जरा थांबव. एक सांगायचंय."

"परत येताना सांग."

"नाही, आत्ताच."

"मुक्ते, घाटात बोलायचं नाही. ह्यांना चालायचं नाही, माहितीय ना?" आईने चपला काढून सीटखाली सारल्या. "गप बस आणि बघ."

पहिलं वळण आलं. गाडीचा वेग एक्केचाळीस होता. पेडल हललं नाही. मुक्ताने डाव्या हाताने दाराची मूठ पकडली आणि उजवा हात मधल्या हातब्रेकच्या बटणावर नेला. कठडा धुक्यातून पुढे आला, पांढरे-काळे पट्टे मोजता येतील इतका. आईचं पाऊल खाली गेलं. उशिरा, पण गेलं. चाकं किंचित ओरडली.

"आज पाय अंमळ उशिरा येतोय," आई म्हणाली. चेहऱ्यावर भीती नव्हती, काळजी होती, आजारी माणसाच्या उशाशी असते तशी. "नवी बॅटरी ना. रुळायला वेळ लागेल त्यांना."

या क्षणी खरं सांगितलं असतं तर उतारावर, धुक्यात, आईच्या पायाखालून तो दुसरा पाय काढून घेतल्यासारखं झालं असतं. सांगायची जागा वर, आंब्यात होती. ती गेली. हात बटणावर ठेवून मुक्ता बसून राहिली.

दुसरं वळण. पाऊल वेळेवर खाली गेलं. तिसरं. पाऊल वळणाच्या आधी गेलं, वळणात नाही, आणि वळण संपल्यावर तरंगत वर आलं. चौथ्यापर्यंत काल आणि आज यांत फरक उरला नाही.

"आले," आई हळूच म्हणाली.

पुढे धुकं दाट होत गेलं. समोरून एक ट्रक दिवे लावून आला आणि गेला. त्यानंतर रस्त्यावर कुणी नव्हतं. गव्याच्या वळणाआधीचा तो वाकलेला जांभूळ दिसला, आणि आईचं अनवाणी पाऊल पेडलसह खाली जायला लागलं. सावकाश. आणि तसंच राहिलं. तिने काच खाली केली. ओल्या पाल्याचा वास आत आला. हॉर्न दोनदा वाजला, हलकेच. दोघी धुक्याकडे बघत होत्या.

"बघ," आई म्हणाली. "माझा पाय नुसता ठेवलाय."

मुक्ताचा उजवा पाय तिच्या समोरच्या रबरी मॅटवर दाबलेला होता. तिने तो उचलला नाही. तिने मांडीवरच्या स्कॅनरकडे पाहिलं.

ब्रेकचा दाब, अंगवळण: शून्य टक्के. ब्रेकचा दाब, पाय: शंभर टक्के. वेग: ताशी अठरा किलोमीटर.